छेद

“किती टक्के?” उत्तरेश्वर सरांनी मान वर न करता विचारलं.

“पंचावन्न पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.”

“मग लार्जली,” म्हणत त्यांनी वाक्य पुरं केलं. इंग्रजीतल्या त्या वाक्याचा अर्थ एवढाच होता, की वस्तीतले रहिवासी स्थलांतराला लार्जली, म्हणजे बहुतांशी, राजी आहेत.

कर्वेनगरातल्या आमच्या संस्थेत सरकारी खात्यांसाठी आणि कंपन्यांसाठी पाहण्या होतात. आकडे मी काढते. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि मला इथे लागून सात महिने झाले आहेत. भाषा उत्तरेश्वर सर तपासतात. ते बार्शीहून आले, त्याला एकोणीस वर्षं झाली. ते आता त्रेपन्न वर्षांचे आहेत आणि अजून अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणूकपत्रांवर आहेत.

त्यांच्या टेबलामागे एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. नव्वदच्या वर ‘ऑलमोस्ट ऑल’. पन्नास ते नव्वद ‘लार्जली’. पन्नासच्या खाली शब्द नको, आकडा लिहा. हा तक्ता त्यांनीच केला होता. “पूर्वी इथे वाट्टेल ते चालायचं,” त्यांनी मला सांगितलं होतं. “महागाई लार्जली पावसामुळे, मतदार लार्जली समाधानी. कशावरून, विचारलं की सगळे चहा प्यायला जायचे. म्हटलं, निदान अर्धी माणसं तरी त्या शब्दामागे उभी असू देत.”

अहवाल येरवड्यातल्या एका वस्तीचा होता. एकसष्ट घरं. ती हलवून वाघोलीच्या पलीकडे, एका सातमजली इमारतीत न्यायची होती. महिन्याअखेरीस सुनावणी होती आणि निर्णय आमच्या अहवालावर ठरणार होता.

त्याच दुपारी त्या वस्तीतल्या विमलाबाई ऑफिसात आल्या. चपला दाराबाहेर काढून आत आल्या आणि उभ्याच राहिल्या.

“माझ्या दारावर खडूनं ‘बंद’ लिवलंय. तुमचीच मान्सं ना ती?”

“बसा ना,” सर म्हणाले. “हो, पाहणी आमचीच. तुम्ही कुठे होतात?”

“कुठं आसनार? कामाला. चार घरची धुनीभांडी हायेत. आठला निघते, पाचला येते. तुमची मान्सं आली बारा वाजता.” त्यांनी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. “काय लिवलंय आमच्याबद्दल?”

सरांनी चष्मा नीट केला. “बहुतेक लोक जायला तयार आहेत, असं.”

“बहुतेक म्हंजे कोन?”

सर माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घातली.

“माझ्या गल्लीत नऊ घरं,” विमलाबाई म्हणाल्या. “दुपारी नऊच्या नऊ घरांना कुलपं. मग इचारलं कुनाला? कुत्र्याला?” मग आवाज खाली आला. “वाघोलीपल्याड गेलो तर येळेवर कामावर कशी पोचू, दादा? चारी घरं सुटतील माझी.”

त्या गेल्यावर सरांनी मला विचारलं, “छेदात काय घेतलंयस?”

“चौतीस. जी घरं उघडी होती ती. राजी एकोणीस.”

“आणि कुलूपवाली सत्तावीस?”

“प्रतिसाद नाही म्हणून वगळली. पद्धत तशीच आहे, सर.”

त्यांनी कागदाच्या कडेला एकोणीस भागिले एकसष्ट केलं. एकतीस टक्के. मग ते उठले आणि मला घेऊन संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

संचालक इंद्रजीत सर उत्तरेश्वर सरांहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी ऐकून घेतलं.

“तक्ता कुणाचा, उत्तरेश्वरराव?”

“माझाच.”

“त्यात पंचावन्नला काय लिहायचं म्हटलंय?”

“पण पंचावन्न खरे नाहीत. छेद चुकलाय. जवळजवळ निम्मी वस्ती कामावर असताना आपण गेलो. पुन्हा सकाळी जाऊ, दोन दिवस लागतील.”

“आपण भाषा बघता. छेद तनुजा बघते.” ते माझ्याकडे वळले. “तनुजा, आकडा चुकलाय का?”

मी म्हणाले, “पद्धतीप्रमाणे बरोबर आहे.” यात खोटं काही नव्हतं.

“झालं तर. आणि हो, तुमचं पुढचं पत्र सोमवारी निघतंय. नावाचं स्पेलिंग तेच ना, की तेही तपासायचंय?”

बाहेर येऊन उत्तरेश्वर सरांनी भिंतीवरचा तक्ता काढला, घडी केली आणि खणात टाकला. अहवाल लार्जलीसकट गेला.

सुनावणीआधी अहवालाचा मराठी सारांश वस्तीत लावावा लागतो. तो नेहमी सरच लिहितात आणि ऑफिसात तो कुणी वाचत नाही. या वेळी मी वाचला. त्यात लिहिलं होतं: ‘एकूण घरे एकसष्ट. चौकशी झाली तेव्हा सत्तावीस घरांना कुलूप होते. राजी असल्याचे एकोणीस घरांनी सांगितले.’ इंद्रजीत सरांनीही तो वाचला, हसले आणि म्हणाले, “छान. खाली आपली नेहमीची ओळ टाका म्हणजे झालं.”

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही वस्तीत गेलो. त्या वेळी माणसं घरी असतात. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण छेद माझा होता. सरांनी स्वतः खळ लावून कागद नळाजवळच्या भिंतीवर चिकटवला.

विमलाबाई कामाला निघाल्या होत्या. त्या थांबल्या आणि बोट फिरवत, एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. सत्तावीसपाशी बोट थांबलं.

“ह्यात मी हाय,” त्या म्हणाल्या. “आता बराबर लिवलं, दादा.”

बोट खाली सरकलं. “आन् ह्ये बारीक काय हाय?”

सर पुढे झाले. एकही शब्द न गाळता त्यांनी वाचलं, “या सारांशात आणि मूळ इंग्रजी अहवालात फरक आढळल्यास इंग्रजी अहवाल ग्राह्य धरला जाईल.”

“विंग्रजीत ह्येच लिवलंय का?”

“नाही.”

नळावर कुणाची तरी कळशी भरून वाहत होती.

“म्हंजे ह्याचा उपेग न्हाई.”

“नाही,” सर म्हणाले.

कागदाचा वरचा कोपरा सुटून वळला होता. विमलाबाईंनी तो अंगठ्याने भिंतीवर दाबून धरला, खळ धरेपर्यंत. मग पदराला हात पुसला आणि कामाला निघाल्या.