कलोशच्या साच्यांवरचा कोरडा बर्फ

मित्रांनो, मी एक जुना फवारा आहे. मात्र मी पाणी फवारत नाही, रंग फवारत नाही आणि झाडांवरचे औषधही नाही. मी कोरडा बर्फ फवारतो. सध्या माझा मुक्काम कोकंद शहरात, कलोशच्या कारखान्यात आहे. कलोश म्हणजे मऊ चामडी बुटांवर चढवायचे काळे रबरी जोडे. इथली वडीलधारी माणसे ते घालून चिखलातून बाजारात जातात, मशिदीच्या दाराशी उतरवतात आणि आतले स्वच्छ बूट तसेच ठेवून नमाजाला उभी राहतात.

माझे शरीर साधे आहे. चार चाकांवरची एक पेटी, तिच्यावर बर्फ ओतायचा हौदा, एक लांब जाड नळी आणि नळीच्या टोकाला बंदुकीसारखा खटका. दाबाची हवा मला काँप्रेसर देतो. तो नेहमी बाहेर अंगणात उभा असतो आणि दिवसभर घुरघुरतो. तो नसेल तर मी नुसता पत्र्याचा डबा आहे.

माझा बर्फ तुमच्या सरबतातला नव्हे. खताच्या कारखान्यात एक वायू फुकट बाहेर पडतो. तुम्ही श्वास सोडता तेव्हाही तोच बाहेर पडतो. त्याला दाबून, गोठवून, तांदळाच्या दाण्याएवढ्या कांड्या करतात. त्या इतक्या थंड असतात की उघड्या हाताने धरल्या तर कातडी भाजते. मी त्या हवेच्या जोरावर घाणीवर मारतो. घाणीचा थर एकदम गारठतो, आकसतो, त्याला चिरा पडतात. त्या चिरांत शिरलेल्या कांडीचा क्षणात वायू होतो आणि तो फुगून थराला खालून उचलून फेकतो. खालचे लोखंड घासले जात नाही, ओले होत नाही. बर्फ मागे उरतच नाही. झाडून काढायची ती फक्त सुटलेली घाण.

माझा जन्म जर्मनीतला. काही वर्षे तिकडे काम केल्यावर मी जुन्या सामानातून ताश्कंदला आलो आणि तिथून हमदमने मला आपल्या गाडीत घालून कोकंदला आणले. हमदम पूर्वी वाळूचा फवारा मारायचा. गंजलेल्या टाक्या, बॉयलर, पुलाचे खांब, सगळे त्याने वाळूने घासले होते. ती वाळू थोडीथोडी त्याच्या छातीत जाऊन बसली. जिना चढला की त्याच्या छातीतून शिट्टी वाजे. डॉक्टरांनी वाळू सोडायला सांगितली, तेव्हा त्याने मला शोधून काढले.

कलोशच्या कारखान्यात त्याने मला पहिल्यांदा नेले, तो दिवस मला आठवतो. दाबयंत्रांच्या दालनाची मुकादम होती मस्तूरा-ओपा. ओपा म्हणजे थोरली बहीण. दालनातले सगळेच तिला ओपा म्हणत. हमदम वयाने लहान, म्हणून ती त्याला उका म्हणे, म्हणजे धाकट्या भावा. कंबरेवर हात ठेवून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“हे काय आणलंस, उका? चहाचा समोवार?”

“फवारा आहे, ओपा. कोरड्या बर्फाचा.”

“बर्फ? अरे, माझे साचे तापून लाल व्हायचे बाकी असतात. त्यांच्यावर बर्फ मारलास तर तडकतील. मग बायकोला, साओदतला निरोप पाठव, नवरा आता कारखान्यातच राहणार म्हणावं, साचे भरून देईपर्यंत.”

“साचा जाड असतो, त्याला काही होत नाही. वरचा थर पातळ असतो, तोच गारठतो नि सुटतो. तुमचा एखादा मोडीतला साचा द्या ना. बिघडला तर मी तोंड काळं करीन.”

“नको बाबा. इथे काळं काय कमी आहे?”

दाबयंत्रांवरच्या बायका खो खो हसल्या. पण मस्तूरा-ओपाने भिंतीकडचा एक टाकून दिलेला साचा दाबयंत्रावर चढवायला लावला.

तिची भीती उगाच नव्हती. हे साचे तिच्या वडिलांनी हाताने कोरले होते. कलोशच्या तळव्यावर डाळिंबाच्या फुलाची नक्षी उमटे ती त्यांच्या छिन्नीची. रबर भाजताना साच्यात जळका थर साचतो. तो काढायला तारेचे ब्रश, तेजाब आणि शेवटी वाळूसुद्धा वापरून झाली होती. प्रत्येक सफाईत थर निघे आणि त्याबरोबर नक्षीही थोडी जाई. वडील वारले होते, तसे कोरणारा दुसरा कोणी नव्हता. बाजारात लोक कोकंदचे कलोश उलटे करून फूल पाहून घेत, आणि आता ते फूल डागासारखे दिसू लागले होते.

साचा तापला. हमदमने कानांवर झाकणे चढवली, चष्मा लावला, जाड हातमोजे घातले आणि खटका दाबला. माझा आवाज म्हणजे किंकाळीच. पांढरे धुके उठले, बायका मागे सरकल्या. हमदमने नळी साच्यावरून सावकाश फिरवली आणि खटका सोडला. धुके विरले.

साचा गार झाल्यावर मस्तूरा-ओपाने त्यावरून बोट फिरवले. पाकळ्या होत्या. पाकळ्यांमधले बारीक दाणे होते. देठाजवळ तिचे बोट थांबले. तिथे एक तिरकी रेघ होती, छिन्नी निसटल्याची.

“ही बाबांची चूक,” ती म्हणाली. “त्या दिवशी ते मला ओरडले होते, तुझ्यामुळे हात हलला म्हणून. मी विसरूनच गेले होते.”

“बरं झालं ना साफ?”

“आता जास्त बोलू नकोस. चल, चहा घे.”

त्यानंतरची वर्षे माझ्या भराची. महिन्यातून एकदा कलोशचा कारखाना असेच. एरवी आम्ही पावाच्या कारखान्यात जाऊन भट्टीच्या पट्ट्यांवरची जळकी साखर काढत असू. धरणावरच्या वीजघरात तारांच्या वेटोळ्यांवरची तेलकट काजळी काढली, तिथे पाण्याचा थेंबही चालला नसता. रेशमाच्या गिरणीतही गेलो. सगळीकडे लोक आधी हसत आणि मग हात लावून पाहत. माझे कौतुक झाले की हमदम माझ्या पेटीवर थाप मारी. मला ती थाप आवडे.

पण मित्रांनो, माझ्यात एक धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. बर्फाचा जो वायू होतो तो हवेहून जड असतो. तो दिसत नाही. तो खाली उतरतो आणि खड्ड्यात, तळघरात साचतो. तिथली चांगली हवा तो वर ढकलतो. म्हणून मी काम करतो तिथे दारे उघडी हवीत, पंखा चालू हवा. हमदमला हे पाठ होते. तो दर वेळी आधी दारे उघडत असे.

त्या हिवाळ्यात कोकंदचा वारा सुटला होता. हा वारा इथे घराघरांत ओळखीचा. दालनाचे मोठे दार उघडले की तो थेट आत घुसे. मोठ्या दाबयंत्राखाली एक खड्डा आहे. त्यातले दट्टे रबराच्या राळेने चिकटले होते, ते साफ करायला हमदम माझी नळी घेऊन खाली उतरला होता. वर बायका हात काखेत धरून उभ्या होत्या. त्यांतली एक गरोदर होती. हमदमने मान वर करून पाहिले.

“दार लावून घ्या,” तो म्हणाला. “पोरी गारठल्यात. आणि तो पंखाही बंद करा, वारा ओढतोय.”

“उका, तू आत आहेस,” मस्तूरा-ओपा म्हणाली.

“थोडंच राहिलंय, ओपा. मी काय नवखा आहे?”

दार लागले. पंखा थांबला. मी किंचाळत राहिलो. माझ्याच नळीतून निघालेला वायू खड्ड्यात साचत चालला होता. मला ते कळत होते आणि सांगायला तोंड नव्हते.

माझा खटका दाबून धरला तरच मी चालतो. हात सुटला की मी थांबतो. बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम तसे केले आहे. एकाएकी माझी किंकाळी तुटली. बाहेर काँप्रेसर घुरघुरतच होता.

“झालं वाटतं,” एक बाई म्हणाली.

मस्तूरा-ओपाने कान टवकारले. काम झाले की हमदम नेहमी नळीवर दोनदा थापटायचा. थाप आली नाही.

“हमदम?” तिने हाक मारली. “ए हमदम!”

ती खड्ड्याच्या कडेला धावली. हमदम तळाशी पालथा पडला होता. ओझी उचलणारा तुर्गुन शिडीवर पाय टाकू लागला, तसा तिने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचले.

“सोडा, ओपा! मरेल तो!”

“तू उतरलास तर दोघं मराल! दार उघड! सगळी दारं! पंखा लावा कोणीतरी!”

मग ती माझ्याकडे आली. माझी नळी हमदमजवळ खाली पडली होती, तिचा आता उपयोग नव्हता. तिने काँप्रेसरकडून येणाऱ्या हवेची तोटी बंद केली, माझ्या पाठीमागची हवेची नळी उपटून काढली, तिचे टोक खड्ड्यात सोडले आणि दोघींना ती घट्ट धरायला लावून तोटी हळूहळू उघडली. अंगणातली थंड, स्वच्छ हवा खड्ड्यात घुसू लागली. माझा श्वास काढून तिने त्याला दिला, असे म्हणालो तर मित्रांनो, ती बढाई नव्हे. झाले ते एवढेच.

हवा खेळू लागली तेव्हा तिने तुर्गुनच्या कमरेला दोर बांधला आणि मग त्याला उतरू दिले. वर आणला तेव्हा हमदमचे ओठ निळे होते. एका बाईने त्याची छाती चोळली, दुसरी नुसती नाव घेऊन हाका मारत होती. मोठ्या दाराशी वाऱ्यात त्याला निजवले आणि त्याने खोल, खरखरीत श्वास घेतला. मस्तूरा-ओपा तिथेच फरशीवर बसली.

“मूर्खा,” ती म्हणाली. “पोरींना थंडी वाजते म्हणे. कोट घातले असते ना त्यांनी!” आणि ती रडू लागली.

हमदम वाचला. पण त्याने मला हात लावणे सोडले. त्याच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली मी एका फाटक्या ताडपत्रीत उभा राहिलो. माझ्या हौद्यात कोंबडी अंडी घालू लागली. गल्लीतल्या बायका मुलांना सांगत, त्या यंत्राजवळ जाऊ नका, ते माणसाचा श्वास खाते. साओदत मला भंगारात द्यायला सांगे. हमदम हो म्हणे आणि देत नसे. पाऊस पडला, माझ्या सांध्यांना गंज चढला. मला वाटले, संपले आता.

बदाम फुलले त्या सुमारास मस्तूरा-ओपा आली. तिने पिशवीतून खडीसाखर आणि एक कलोश काढला, आणि तो उलटा करून हमदमच्या मांडीवर ठेवला. तळव्यावर फुलाच्या जागी एक पुसट गोल होता.

“पुन्हा वाळू मारतायत,” ती म्हणाली. “तुझ्या जागी आणलेला माणूस. चांगला आहे बिचारा, खोकतो मात्र तुझ्यासारखा.”

हमदमने त्या पुसट गोलावरून अंगठा फिरवला.

“मला शिकव.”

“काय?”

“फवारा मारायला शिकव. मी मारते. तू वर उभा राहा.”

“ओपा, या वयात?”

“या वयात मी तुला वर काढलंय. लठ्ठ आहेस चांगला, तुर्गुनची पाठ अजून दुखते.”

साओदत चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. “आणि पुन्हा तसंच झालं तर?” तिने विचारले.

हमदमने कलोश सुलटा करून खाली ठेवला. मग म्हणाला, “दार कुणीही लावायचं नाही. मी म्हटलं तरी नाही. पंखा बंद तर काम बंद. आत उतरेल त्याच्या छातीवर वायू ओळखणारी घंटी, कमरेला दोर, आणि वर एक माणूस. वरच्या माणसाने दुसरं काही काम करायचं नाही. चहासुद्धा प्यायचा नाही.”

“चहासुद्धा नाही?” साओदत म्हणाली. “मग यांना जमायचं नाही.”

तिघेही हसले. त्याच संध्याकाळी हमदमने कोंबडीला माझ्या हौद्यातून हुसकले आणि माझे सांधे तेलाने पुसायला घेतले.

मस्तूरा-ओपा शिकली. तिचा हात हमदमपेक्षा हळू आहे, पण नळी साच्यावरून ती पोळीवर तूप लावावे तशी फिरवते. दट्ट्यांच्या खड्ड्यातही तीच उतरू लागली. एकदा काम अगदी संपत आले असताना तिच्या छातीवरची घंटी वाजली. ती खटका सोडून तडक शिडीने वर आली. वर व्यवस्थापक उभे होते, पाळी सुरू व्हायची खोळंबली होती.

“एवढासा कोपरा राहिलाय,” ते म्हणाले. “घंटी जरा लवकरच वाजते वाटतं.”

“वाजू द्या,” हमदम म्हणाला. त्याच्या हातात दोर होता आणि नजर अजून तिच्या तोंडाकडे होती. “ओपा, बोला काहीतरी.”

“काय बोलू? तुझी मिशी वाकडी कापलीय.”

“ठीक आहे,” हमदम म्हणाला आणि त्याने दोर सोडला. पंख्याने खड्डा मोकळा होईपर्यंत सगळे बाहेर बाकावर जाऊन बसले. व्यवस्थापकही आले. पाळी उशिरा सुरू झाली, एवढेच नुकसान.

आता कारखान्यात माझ्याहून मोठे, नवे यंत्र आले आहे. मोठी कामे ते करते, मी लहान मुलांच्या कलोशचे साचे साफ करतो. माझी तक्रार नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राकडून काम घ्याल तेव्हा उरलेला बर्फ हौद्यात विसरू नका, नळीला पीळ देऊ नका, सांध्यांना तेल द्या. यंत्र तेवढ्यावर पुष्कळ वर्षे चालते. पण त्याआधी खाली उतरलेल्या माणसाकडे लक्ष ठेवा. तो वर आला की आधी त्याला बोलते करा. काम किती उरले ते मागाहून विचारा.