दुपारचा गळा

विमलबाईनं फडक्याच्या बोळ्यानं डाग द्यायचा कैया चुलीतून बाहेर ओढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. भिवाजीनं त्याचं तापलेलं तांब्याचं टोक राळेत बुडवलं. चर्र झालं, धूर दोघांच्या नाकातोंडात गेला आणि कथलाचा एक टपोरा थेंब डब्यातल्या तारेवर जाऊन बसला.

"हालवू नको."

"मी कुठं हालवून राह्यली? तुमचाच हात हालते."

तार विमलबाईच्या चिमटीत होती आणि ती चांगलीच तापली होती. पण डाग थिजेपर्यंत तिनं बोटं सोडली नाहीत. मग ती पदराला पुसून तोंडात घातली.

चैत्रातली दुपार होती. मारोतरावांनी आपले बैलसुद्धा कोठ्यातून काढून बाहेर निंबाखाली बांधले होते, आणि ही दोन शहाणी माणसं त्याच कोठ्यात, तापल्या टिनाखाली, चूल पेटवून बसली होती. येणारेजाणारे बघून हसत. हसू द्या. भिवाजी वायरमन होता. सकाळी आणि सांजच्याला त्याला खांबावर चढावं लागे, म्हणजे घरच्या कामाला उरली ती दुपार. आणि हे काम गावात करण्यासारखं नव्हतं. नाल्यापलीकडच्या या कोठ्यातला आवाज गावात पोचत नसे, म्हणून तर मारोतरावांकडून तो मागून घेतला होता.

दोघांच्या मध्ये पडला होता तो डबा. लोखंडी, खिचडीच्या ताटलीएवढा, वर पायानं दाबायचं बटण. भिवाजीचा चुलतभाऊ उकंडराव मुंबईला गिरणीत होता आणि सुटीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्राचं सामान वाहायचा. तिथल्या गिटारवाल्यानं बिघडला म्हणून टाकून दिलेला हा डबा त्यानं ट्रंकेत घालून आणला आणि जऊळक्याला गाडीतून उतरल्या उतरल्या भिवाजीच्या हातात ठेवला. गिटारची वायर यातून नेली की सुराचं कापड टराटर फाटल्यासारखं होतं, असं त्यानं गावात आल्यावर सांगितलं. विहारासमोर बसलेल्या मंडळींना हे फार गमतीचं वाटलं.

"लोक फाटलेला आवाज दुरुस्तीले नेतात," चतुराबाई म्हणाली, "अन् हा बावा चांगला आवाज फाडून घेते."

भिवाजी हसला नाही. त्यानं डबा कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि बायकोकडं बघितलं. विमलबाईला त्याच क्षणी कळलं, याच्या डोक्यात काय आलं ते.

फाटलेला आवाज गावात एकाचाच होता. पुंजाजींचा, म्हणजे विमलबाईच्या बापाचा. जयंतीला वंदना झाली की पुंजाजी उभे राहायचे, उजवा हात कानावर ठेवायचे आणि गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता एक आलाप सोडायचे. सुरुवातीला आवाज विहिरीच्या पाण्यासारखा साफ. मग तो वर चढायचा, आणि अगदी वर गेला की चिरायचा. त्या चिरण्यात असं काही होतं की म्हातारी माणसं मान खाली घालायची आणि तरणी पोरं उभी राहायची. शिरपूरहून, शेलूबाजारहून माणसं तेवढ्यासाठी बैलगाड्या जुंपून यायची.

दोन वर्षांमागं पुंजाजींना लकवा झाला. डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. भिवाजीनं कोणाला न विचारता सासऱ्याला गाडीत घालून आपल्या घरी आणलं. जावयाच्या दारात बाज पडली याचं म्हाताऱ्याला काय वाटलं, ते विचारायची सोयच नव्हती. पुंजाजींनी तोंड भिंतीकडं केलं, ते केलंच. खाऊ घातलं तर खायचे, नाही घातलं तर मागत नव्हते. गेल्या महिन्यापासून तर घास तोंडातच धरून ठेवायला लागले होते. मागल्या दोन्ही जयंत्यांना गायनपार्टी बसली नाही. विमलबाईला पार्टीचं एवढं नव्हतं. बापानं एकदा भिंतीकडून तोंड फिरवावं, काहीतरी हवं म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं. नाहीतर हा माणूस असाच, कुणाला काही न सांगता, एके दिवशी निघून जाईल, या भीतीनं तिला सकाळी त्यांच्या बाजेजवळ जाववत नसे.

"लाव," भिवाजी म्हणाला.

तिनं भोंग्याच्या मशीनची वायर बॅटरीला लावली. भिवाजीनं बेंजो पुढ्यात ओढला. पार्टीत तो बेंजो वाजवायचा. टाइपरायटरसारख्या पट्ट्या डाव्या हातानं दाबायच्या, उजव्या हातातल्या पत्तीनं तारा छेडायच्या. त्यानं एक सूर छेडला. भोंग्यातून असा काही घोगरा भोंकार निघाला की निंबाखालचे बैल दावं ओढायला लागले.

"हा बाबा नाई," विमलबाई म्हणाली. "हा तं रेडा हाय."

"गिटारीसाठी बनवला ना थो. तिच्या तारा जाड राह्यतात." भिवाजीनं पुन्हा डबा उघडला. "काय कमी हाय? सांग."

"कमी नाई, जास्त हाय. पयल्यापासूनच फाटते. बाबा पयले साफ असायचे. जोर लावला का मंगच चिरायचे."

हे असं रोज चाललं होतं. भिवाजीला तारांतलं कळत होतं आणि विमलबाईला बापाच्या गळ्यातलं. त्यानं मेलेल्या रेडिओंच्या पोटातून एकेक सुटा भाग काढून डब्यात बसवून बघायचा, आणि तिनं डोळे मिटून नाही म्हणायचं. चिडला नाही एकदाही. तिचं तिलाच आश्चर्य वाटे. आपल्या बापाच्या गळ्यासाठी परक्याच्या पोटी जन्मलेला हा माणूस भरदुपारी टिनाखाली भाजून घेतो, घामाचा थेंब डब्यात पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधतो. सुख सुख म्हणतात ते आणखी कसलं असतं, असं तिला वाटून जाई. तोंडानं मात्र ती म्हणायची, "जेवून घ्या आधी, भाकर वाळून राह्यली."

डब्याचं बटण ही आणखी एक पीडा होती. ते पायानं दाबायचं. आणि बेंजोवाला बसणार मांडी घालून. भिवाजीनं ते बटण काढूनच टाकलं आणि सायकलच्या घंटीचा खटका आणून असा बसवला की गुडघा टेकवला की डबा बोलावा, उचलला की गप्प व्हावा. उकंडराव मुंबईला परत जायच्या आधी कोठ्यावर येऊन हे बघून गेला आणि बराच वेळ डोकं खाजवत राहिला.

जयंतीच्या आदल्या दुपारी भिवाजीनं एक शेवटचा डाग दिला. पत्ती हलकी मारली. सूर साफ आला. मग त्यानं पट्ट्यांवरून बोटं वर नेली, पत्ती जोरानं ओढली, आणि वरच्या सुराला आवाज चिरला.

विमलबाईनं डोळे उघडले. उठून कोठ्याच्या दाराशी गेली आणि बाहेर उन्हाकडं बघत उभी राहिली.

"रेडा हाय का बाबा?" भिवाजीनं मागून विचारलं.

"बाबा हायत," ती म्हणाली.

जयंतीच्या दिवशी चार वाजता शेलूबाजाराकडं आभाळ काळं झालं. तिकडं कुठंतरी गारा पडल्या असाव्यात. आपल्याकडं आला तो नुसता वारा, गार, अंगावर काटा आणणारा. सगळं गाव खूश झालं. विहारासमोरच्या पटांगणात सतरंज्या पडल्या, पताका फडफडायला लागल्या. पुंजाजींना न्यायला चौघं आले, तर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि उजव्या हातानं भिंत धरली. विमलबाईनं तो हात अलगद सोडवला.

"बाजेसकट उचला," ती म्हणाली.

बाज सतरंजीच्या कडेला ठेवली. म्हाताऱ्यानं तिथंही तोंड फिरवलं. आता भिंत नव्हती, तर विहाराच्या ओट्याकडं. वंदना झाली. ढोलकीवाल्यानं शाई चाचपली, पेटीवाल्यानं भाता सोडला. भिवाजीनं गुडघा खटक्यावर टेकवला आणि जपून एक सूर छेडून पाहिला.

सूर आलाच नाही. नुसतं फट् झालं, आणि मग घशात घास अडकल्यासारखी घरघर होऊन तेही विझलं. त्यानं पुन्हा छेडला. पुन्हा फट्. मागं कोणीतरी हसलं. चतुराबाईनं त्या हसणाऱ्याकडं असं काही बघितलं की हसणं तिथंच थांबलं.

भिवाजीनं डबा उघडला. बोटानं एकेक डाग चाचपला. सगळे घट्ट होते. बॅटरी नवी होती. त्याच्या कपाळावर आता घाम नव्हता, तरी तो सवयीनं कपाळ पुसत राहिला.

"काय झालं?" विमलबाई वाकून म्हणाली.

"काहीच झालं नाई. तेच तं समजून नाई राह्यलं." त्यानं तिच्याकडं बघितलं तेव्हा त्याचं तोंड पार उतरलं होतं. "काल बोलला ना गं. तुह्यासमोर बोलला."

तिनं त्याचा हात हलका करावा म्हणून डबा आपल्या हातात घेतला, आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कोठ्यात हा डबा कधी नुसत्या हातानं धरता आला नव्हता. पदर मध्ये घेतल्याशिवाय चटका बसायचा.

"अवो," ती म्हणाली, "हा तं थंडागार हाय."

भिवाजी तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला.

"दुपारी बनवला," तो पुटपुटला. "टिनाखाली. सारा हिशेब त्या उन्हाचा झाला. आतल्या ट्रान्झिस्टरले तीच गर्मी पायजे आता." त्यानं आभाळाकडं बघितलं, जणू ऊन परत मागवता आलं असतं. "उघडून पुन्हा करतो म्हटलं तं रात जाईन."

विमलबाई उठलीच होती. घर दोन गल्ल्या पलीकडं. ती पळत गेली. बापाच्या खांद्याला शेकायची वाळूची पुरचुंडी खुंटीला होती आणि चुलीत निखारे होते. तव्यावर पुरचुंडी दोन्ही अंगांनी तापवून ती पदरात धरून पळत आली, सतरंजीवर ठेवली, तिच्यावर डबा बसवला आणि वरून आपला शेला पांघरला. एखाद्या ओल्या बाळंतिणीच्या तान्ह्याला शेकताना बघावं तसे सगळे त्या डब्याकडं बघत बसले. भिवाजी मधूनमधून एकेक सूर छेडत होता. फट्. फट्. मग घरघर. मग घरघरीतून एक धागा निघाला, लांबला आणि साफ झाला.

भिवाजीनं डोळे मिटले आणि पुंजाजींचा आलाप धरला.

पटांगण ओळखीनं हललं. साफ सुरुवात, चढ, आणि वर गेल्यावर ती चीर. सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मारोतराव पटांगणाच्या कडेला उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. विमलबाई कोणाकडंच बघत नव्हती. ती बाजेकडं बघत होती.

पुंजाजींचं तोंड हळूहळू फिरलं. ओट्याकडून आभाळाकडं, आभाळाकडून बेंजोकडं. डोळे उघडे होते. आणि मग त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा हलवली, जोरानं. घशातून आवाज काढला, "अं, अं," आणि उजवा हात बाजेच्या लाकडी गातावर आपटला.

भिवाजीची पत्ती थांबली. सगळं पटांगण थांबलं.

"मामाजी," तो कसाबसा म्हणाला, "चुकलं का माह्यं? बंद करू?"

विमलबाईला वाटलं, आपण बापाचा अपमान केला. जिवंत माणसासमोर त्याचा गळा डब्यात घालून वाजवला. ती उठणार तेवढ्यात पुंजाजींनी हात उचलला आणि पंजा आडवा धरला. थांब. मग तोच पंजा आपल्या छातीवर ठेवला. छाती वर आली, भरली, तशीच राहिली. आणि मग त्यांनी हात हवेत वर सोडला. पुन्हा छातीवर. पुन्हा वर. डोळे भिवाजीवर रोखलेले, अगदी पूर्वी पार्टीतल्या नवख्या गड्यावर रोखायचे तसे.

भिवाजीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा त्याचा चेहरा उजळला. बेंजोला दम घ्यावा लागत नाही. म्हणून तो चढणीला कुठं थांबलाच नव्हता. वर जायच्या आधी पुंजाजी छाती भरून घ्यायचे, आणि तेवढ्या वेळात सगळं पटांगणही श्वास धरायचं.

"तुमी घ्या दम," तो म्हणाला. "मी तुमच्या मागं येतो."

पुंजाजींनी मान डोलावली. हात छातीवर ठेवला. भिवाजीनं पत्ती तारांवर टेकवून ठेवली आणि नजर म्हाताऱ्याच्या छातीवर लावली. ढोलकीवाला, पेटीवाला, सतरंजीवरची माणसं, सगळेच तिकडं बघत राहिले.

पुरचुंडी निवत असेल म्हणून विमलबाईनं शेल्याखाली हात घातला. शेला सळसळला. त्यासरशी पुंजाजींनी तिच्याकडं मान वळवली आणि डोळे वटारले. लहानपणी आलापाच्या मध्ये बोललं की वटारायचे तसेच, तेवढेच रागीट.

ती होती तिथं गुमान बसली. बाप आपल्यावर रागावला, बाप आपल्यावर रागावला, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. आणि तोंडावरचं हसू लपवायला तिनं पदर ओढून घेतला.

पुंजाजींनी छाती भरून घेतली.