माहेरवाशिणीचं गाऱ्हाणं

मृणालीने डूख धरला होता आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. लोक म्हणतात, बापावर कसला डूख धरायचा, विसरून जावं. असं म्हणणाऱ्यांना बहुधा कधी पालखीसमोर हात जोडून उभं राहावं लागलेलं नसतं.

तिचे वडील, अण्णा, म्हणजे जयगडच्या रस्त्यावरच्या एका वाडीतले अनिल गुरुजी. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी वाडी त्यांना गुरुजीच म्हणते आणि घरातही ते गुरुजीच असतात. मृणाली दहावीला होती तेव्हा प्रत्येक पेपराच्या दिवशी ते पडवीत खुर्ची टाकून बसायचे. ती एस.टी.तून उतरून घरापुढच्या खळ्यात आली की चप्पल काढायच्या आधी प्रश्नपत्रिका त्यांच्या हातात द्यायची. मग तिथेच पाटावर बसून अख्खा पेपर परत सोडवायचा. अण्णा लाल पेनाने गेलेले मार्क वजा करत जायचे. आई पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत यायची, त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि तशीच आत जायची. बीजगणितात सात मार्क गेले, त्या दिवशी मृणालीला जेवण गेलं नाही. अण्णांना वाटलं, बरं झालं, लागलं तर खरं मनाला.

परीक्षा आणि शिमगा आमच्याकडे हटकून एकाच महिन्यात येतात. शिमग्यात ग्रामदेवी पालखीत बसून घरोघर जाते. घरच्या माणसांनी तिची ओटी भरायची आणि मनात असेल ते गुरवाच्या कानात सांगायचं. गुरव ते खणखणीत आवाजात देवीपुढे मांडतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे पालखीबरोबर आलेली सगळी वाडी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणते. काय मागितलंय याचा विचार करून कुणी व्हय म्हणत नाही. गुरव थांबला की व्हय. लहानपणापासून जिभेला लागलेली सवय ती.

भूमितीच्या पेपराच्या आदल्या दिवशी पालखी घरी आली, आणि अण्णांनी भागोजी गुरवाच्या कानात सांगितलं. मृणाली आतल्या खोलीत प्रमेय पाठ करत होती. भिंतीपलीकडून तिने ऐकलं. "बा म्हाराजा, ह्या घरातली पोर यंदा दहावीला बसली हाय. तिला बोर्डात आण, गुरुजींचा नाव राख." आणि मग ती गर्जना. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रमेयाची पहिली ओळ लिहिली आणि तिच्या कानात वाडीच्या वाडी व्हय म्हाराजा करायला लागली. पुढची ओळ काही केल्या आली नाही.

अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. त्या वाडीत तोवर एवढे कुणाला पडले नव्हते. शेजारचा सदू नारळ घेऊन आला, त्याला अण्णांनी दारातूनच परत पाठवलं. घरात सुतक असल्यासारखं वर्ष गेलं. बाप मुलीशी बोलेना, सांगायचं ते आईमार्फत सांगायचा. आणि पुढच्या शिमग्यात पालखी आली तेव्हा त्यांनी फर्मावलं की तिने देवीची माफी मागायची. ती रडली, पाया पडली, एकटीने देवळात जाऊन मागते म्हणाली. अण्णा म्हणाले, "सगळ्या वाडीने व्हय म्हटलंय गो. आता तो तुझा-माझा प्रश्न उरला नाही."

मग ती उभी राहिली. मी आळस केला आणि देवीचा शब्द खोटा पाडला, असं तिच्याकडून म्हणवून घेतलं. भागोजीने ते मोठ्याने पुढे म्हटलं. आणि वाडी, जिने तिला पोहायला शिकवलं होतं, जिच्या घराघरांत ती जेवली होती, ती वाडी म्हणाली, व्हय म्हाराजा. बापाला ती एकवेळ माफ करती, पण तो व्हय तिच्या जिव्हारी लागला. सोळा वर्षांची पोर आळशी आहे, खोटारडी आहे, याला गावाने होकार दिला, आणि मग सगळे पुढच्या घरी गेले.

त्यानंतर मृणाली रत्नागिरीला शिकली, उरणला नोकरीला लागली, बंदरावरचा माल सोडवून देणाऱ्या कंपनीत चांगली वर चढली. हुशारीत काडीचं उणं नव्हतं तिच्यात. पण शिमग्याला ती कधी घरी आली नाही. आई गेल्यावर तर येणं आणखी कमी झालं. यंदा मात्र भावजयीचा फोन आला.

भावजय अक्षया. भाऊ शुभंकर जयगडच्या बंदरावर कामाला. त्यांची मुलगी सानवी यंदा दहावीला होती. अक्षया फोनवर हळू आवाजात सांगत होती की पोरगी प्रत्येक पेपराच्या सकाळी ओकते, अण्णा संध्याकाळी पडवीत खुर्ची टाकून बसतात, शुभंकरची त्यांच्यापुढे बोलायची टाप नाही. आणि परवा पालखी येतेय, तर अण्णांनी भागोजीला आधीच सांगून ठेवलंय, नातीचं गाऱ्हाणं मोठं घालायचंय म्हणून. तिच्या शेवटच्या पेपराच्या आदल्याच दिवशी.

मृणालीने फोन ठेवला आणि ती हसली. इतक्या वर्षांत उट्टं काढायचे किती तरी बेत तिने मनात रचले होते. त्यांतल्या एकाही बेतात देवी तिच्या बाजूने नव्हती. आता होती.

पालखी आली तेव्हा ऊन कलत होतं. ढोल खळ्यात शिरले, पालखी नाचवून पडवीसमोर पाटावर बसवली. अण्णा पांढरा सदरा घालून, हात मागे बांधून उभे होते. सानवी आत भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती, कानांवर दोन्ही हात. अक्षयाने ओटीचं ताट उचललं आणि सासऱ्यांकडे न बघता ते मृणालीच्या हातात दिलं.

घरात माहेरवाशीण असेल तर पहिली ओटी तिची, हा वाडीचा रिवाज. तो अण्णांनीच लोकांना अनेकदा ऐकवलेला, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना. मृणालीने खण-नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि भागोजीच्या कानाशी वाकली. ती बराच वेळ बोलत होती. भागोजी आता म्हातारा झाला होता. ऐकता ऐकता त्याने एकदा मान वर करून गुरुजींकडे पाहिलं आणि विचारलं, असंच घालू? असंच घाल, ती म्हणाली. देवीपुढे आलेलं गाऱ्हाणं गुरवाने नाकारायचं नसतं, आणि तेव्हा तिच्या माफीचं तर त्याच्याच तोंडून गेलं होतं.

त्याने हात जोडले. "बा म्हाराजा, आज ह्या घराची माहेरवाशीण तुझ्या पायाशी आली हाय."

"व्हय म्हाराजा."

"तिचा मागणा असा, की ह्या घरात कोणी सानवीचे मार्क इचारू नयेत. तिना आपणहून सांगितलान तरच ऐकावे."

"व्हय म्हाराजा." आवाज तेवढाच दणदणीत. अण्णांचे मागे बांधलेले हात सुटले.

"आनि जो कोणी इचारील, त्याना पुढल्या शिमग्याला तुझ्या पालखीसमोर हात जोडून उभा ऱ्हावा. मी देवीचा शब्द खोटा पाडला, असा सगळ्या वाडीदेखत बोलावा."

"व्हय म्हाराजा."

शेवटचा व्हय निम्म्यावर आल्यावर काही जणांच्या लक्षात आलं की आपण कशाला होकार देतोय. पण निम्मा व्हय परत घ्यायची सोय देवीने ठेवलेली नाही. सदू खाली मान घालून ढोलाची दोरी आवळू लागला. मागच्या रांगेतलं कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला काही खरा नव्हता.

अण्णांचा चेहरा मृणालीने डोळे भरून पाहिला. लाल झाला, मग पांढरा पडला. भागोजीने रीत म्हणून विचारलं, गुरुजी, तुमचं गाऱ्हाणं? अण्णांनी नुसती मान हलवली. पालखी उठल्यावर ते लेकीजवळ आले आणि दातओठ खात म्हणाले की घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडायला तिला शरम कशी वाटली नाही. मृणाली ताट पुसत होती. तिने हे उत्तर फार जपून ठेवलं होतं, त्यामुळे घाई केली नाही.

"सगळ्या वाडीने व्हय म्हटलंय, अण्णा," ती म्हणाली. "आता तो तुमचा-माझा प्रश्न उरला नाही."

दुसऱ्या दिवशी सानवी भूगोलाचा पेपर देऊन आली. अण्णा पडवीत खुर्चीवर बसलेले होते, सवयच ती. त्यांचा हात पुढे झाला, तसाच मागे गेला आणि त्यांनी उगाच धोतराचा सोगा नीट केला. सानवीने चप्पल काढली, आत जाऊन दोन वेळा भात मागून घेतला. मृणालीला त्या दिवशी मिळालं ते सुख शब्दांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि ती ते कुणाला सांगायलाही गेली नाही.

निकाल मे महिन्यात लागला. मृणाली मुद्दाम सुट्टी टाकून आली. आंबे खायला आले, असं ती सगळ्यांना सांगत होती, आणि कुणाचाही त्यावर विश्वास नव्हता.

दुपारी सानवी फोन घेऊन काजूच्या बागेच्या टोकाला गेली, तिथे रेंज येते. परत आली तेव्हा आईच्या कानात बोलली, आत्याच्या कानात बोलली, संध्याकाळी बापाच्या कानात बोलली. एक्क्याऐंशी टक्के होते. पडवीत अण्णा आंब्याची अढी उलगडून बसले होते, पेंढ्यातून एकेक फळ काढून हुंगत होते. सानवी त्यांच्यासमोर आली.

"आजोबा, चहा टाकू?" तिने विचारलं, आणि चहाच टाकला.

मग वाडी यायला लागली. देवीचं बंधन घरातल्यांना, वाडीला थोडंच? बायका स्वयंपाकघरात जाऊन विचारून येत होत्या. सदू तर थेट गुरुजींपुढे येऊन म्हणाला की नातीने नाव काढलंन हो. अण्णा हो हो म्हणाले. काय काढलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. सगळ्या वाडीत एकट्या त्यांनाच ठाऊक नव्हतं, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे मार्क तोंडपाठ ठेवले. शुभंकरने पेढ्यांचा पुडा आणला. अण्णा त्या पुड्याकडे, त्याच्या दोरीकडे, आतल्या पेढ्यांच्या आकाराकडे असे बघत होते, जणू टक्केवारी तिथे लिहिलेली असेल. दोन दिवस हे चाललं. ते सानवीच्या आसपास घुटमळायचे, चोरवाट शोधल्यासारखं कॉलेजचं काढायचे, बसपासचं काढायचे. पोरगी प्रेमाने उत्तरं द्यायची आणि नेमकं तेवढं गाळायची.

मृणालीने हे सगळं चवीचवीने पाहिलं. पण तिसऱ्या दिवशी अण्णा अढीपाशी बसले होते, आणि एक आंबा त्यांच्या हातातून निसटून घरंगळत खळ्यात गेला. तो उचलायला ते उठले नाहीत, नुसते बघत राहिले. माणूस म्हातारा झालाय, तिच्या मनात आलं. पोरीने तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं, आत्या, तुला वाटलं तर तू सांग त्यांना. आपण होऊन सांगितलं तर गाऱ्हाणं मोडत नाही. पुरे झालं, असं तिला खरोखर वाटलं. पेढ्यांची बशी घेऊन ती त्यांच्याजवळ पाटावर बसली. एक्क्याऐंशी हा आकडा तिच्या जिभेवर आला होता.

अण्णांनीच आधी तोंड उघडलं. नातीचं विचारता येत नाही, तर आडून यावं, असा त्यांचा हिशेब असावा.

"तुला किती पडले होते गो तेव्हा?"

ती थांबली. चेष्टा नव्हती ती. ते आठवायचा प्रयत्न करत होते, कपाळाला आठ्या घालून, पेंढ्याची काडी बोटाला गुंडाळत.

"बासष्ट का त्रेसष्ट ना? आता काही लक्षात राहत नाही मेलं."

जो आकडा तिने बावीस वर्षं अंगावर वागवला, ज्याच्यापायी ती सगळ्या वाडीदेखत देवीसमोर उभी राहिली, तो ह्या माणसाने केव्हाच कुठेतरी सांडून टाकला होता. वर पंधरा-सोळा टक्के स्वतःच्या मनाने कापून घेतले होते. लाल पेनाचीसुद्धा गरज लागली नव्हती. मृणालीने जिभेवरचे दोन्ही आकडे गिळले. आत काहीतरी पुन्हा घट्ट झालं, आणि तिला ते ओळखीचं वाटलं.

"पुढल्या शिमग्याला विचारा, अण्णा," ती म्हणाली. "पालखीसमोर."

मग बशीतला एक पेढा उचलून तिने तोंडात टाकला आणि बशी आत नेली.