मोटारबोटीचा दांडा आणि पाटलांची डावी वहाण

मित्रांनो, या जगात जे जे पुढे जाते ते कोणाच्या तरी इशाऱ्यावर जाते, आणि एके काळी तो इशारा म्हणजे मी होतो. मी एक जुना दांडा आहे. पितळेचा. लांबीने तुमच्या घरातल्या उलथण्यापेक्षा थोडा कमी, आणि रुबाबाने, खरे सांगायचे तर, साधारण तेवढाच.

पण उलथणे भाकरी उलटते आणि मी मोटारबोट पळवत असे, हा फरक तुम्ही ध्यानात ठेवा. मला पुढे ढकलले की एक तार ताणली जाई, इंजिनाला जास्त पेट्रोल मिळे आणि बोट उधळे. मला मागे ओढले की ती सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी शांत होई. इंग्रजीत मला थ्रॉटल म्हणतात. आमच्याकडे मला नुसते 'दांडा' म्हणत, आणि मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

माझा जन्म विलायतेतला. आगबोटीने मी मुंबईला आलो, आगगाडीने कर्जत, तिथे गाडी बदलून खोपोली, आणि तिथून पुढे बैलगाडीने खालापूरच्या एका डोंगराच्या पायथ्याला. त्या शेवटच्या प्रवासात मला पहिल्यांदा कळले की गतीची निकड जगात सगळ्यांनाच असते असे नाही.

त्या डोंगराखाली बांध घालून एक मोठे तळे केले होते. काठावर खुर्शेदशेट नावाच्या एका पारशी गृहस्थाचा बंगला होता. मोटारबोट त्यांची. त्यांना एक नाद होता. बोटीच्या मागे दोराने एक भली रुंद फळी बांधायची, तिच्यावर आपण उभे राहायचे, आणि बोटीने ओढत न्यायचे. बोट वेगात असली की फळी पाण्यावर तरंगत पळे. वेग कमी झाला की फळी बुडे आणि तिच्यावरचे शेट तिच्या आधी बुडत. एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमारास आमच्या भागातल्या लोकांनी शेटना कोरडे असे फारसे पाहिलेच नाही.

बोट चालवायला बुधाजी होता. काठावरच्या आंबेशेत वाडीचा शेतकरी, पण इंजिनाचा कान त्याला होता. माझ्या बुडाशी एक बोल्ट, बोल्टावर चामड्याची चकती, आणि ती आवळणारी दोन कानांची चाकी, अशी माझी बैठक होती. चकतीच्या पकडीमुळे मला जिथे ठेवाल तिथे मी राहत असे. बुधाजी मला हवा तिथे ठेवी आणि दोन्ही हातांनी सुकाणूचे चाक धरी. दोन्ही हात लागतच, कारण तळ्याखाली बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्यात जागोजाग टपून बसलेले होते.

आता मुख्य गोष्ट. आंबेशेतच्या गावदेवीला दसऱ्याचा एक मान होता. सीम ओलांडून पलीकडच्या आपट्याच्या झाडाचे पहिले पान तिच्या पालखीने घ्यायचे. सूर्य डोंगराला टेकायच्या आत पालखी पोचली नाही, तर पान पलीकडच्या गावाच्या नागू पाटलाने तोडायचे. आणि लागोपाठ तीन वर्षे उशीर झाला, तर मान कायमचा पलीकडे. तळे झाल्यापासून सीम पाण्याखाली गेली होती. बांधावरून वळसा घालावा लागे. दोन वर्षे उशीर झाला होता. हे तिसरे वर्ष होते.

लवकर का निघत नाही, असे तुम्ही विचाराल. अहो, घरोघरी ओवाळून झाल्याशिवाय पालखी वाडी सोडत नसे, आणि आंबेशेतच्या बायांना 'जरा आटपा' म्हणेल असा माणूस अजून जन्माला यायचा होता.

आंबेशेतचे कोंडाजी पाटील त्या काळजीने वाळून चालले होते. पालखीची जोखीम त्यांच्या घराण्याकडे. "बुधा," ते एकदा म्हणाले, "माज्या बापाच्या हातात मान व्हता, आज्याच्या व्हता. माज्या हातनं गेला तर मी वर जाऊन त्यांना तोंड कसं दावू रं?"

"बोटीतनं नेऊ की देवीला," बुधाजी म्हणाला.

"पालखीचा दांडा बोटीत मावतुया व्हय?"

"बोटीत नाय. फळीवर."

पाटलांनी देवीला कौल लावला. देवी हो म्हणाली. शेटही हो म्हणाले, पण देवीपेक्षा जरा जास्त वेळ विचार करून.

खंडेनवमीच्या सकाळी रंगीत तालीम झाली. फळीखाली घासलेटचे रिकामे डबे बांधले, वर पालखीऐवजी भाताचे पोते ठेवले आणि पोते धरायला कोंडाजी पाटील स्वतः उभे राहिले. बुधाजीने मला जागेवर ठेवले आणि मी तसूभर हललो नाही. पोते कोरडे, पाटील कोरडे. काठावर शेटनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटते, थोडे मत्सराने वाजवल्या.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण त्याच दुपारी खंडेनवमीची पूजा होती. नांगर, कोयते, कुऱ्हाडी, पहारी, सगळी हत्यारे पुसून मांडायची, तेल लावायचे, हळदकुंकू वाहायचे. बुधाजीची बायको सोमी कामाला वाघीण आणि भक्तीला तर त्याहून. कोयत्याला तेल लावून ती ताट घेऊन बोटीवर आली. मला पाहून तिचा ऊर भरून आला. उद्या देवीला नेणार तो हाच!

"कोयत्याला तेल, पहारीला तेल, मग यानंच काय घोडं मारलंय?" असे म्हणून तिने माझ्यावर पळीभर तेल सोडले. मग मायेने आणखी पळीभर. मला कुंकू लागले, झेंडूचे फूल बसले, अक्षता पडल्या. माझ्या विलायती घराण्यात हा सन्मान कोणाला मिळाला नव्हता. तेल मात्र हळूहळू खाली झिरपले आणि माझ्या चामड्याच्या चकतीने ते पोटभर पिऊन घेतले. ओवाळून घेताना हे बोलायला मला तोंड नव्हते, आणि असते तरी मी बोललो असतो की नाही, शंका आहे.

दसरा उजाडला. ज्यांचे ओवाळून झाले ते ढोल घेऊन बांधावरून पुढे गेले. शेवटच्या घरचे ओवाळणे संपले तेव्हा ऊन कलले होते. फळीवर पालखी बांधली. कोंडाजी पाटील नवा फेटा, नवी बाराबंदी, आणि दसऱ्यासाठी मुद्दाम केलेल्या करकरत्या वहाणा घालून आले. देवीजवळ वहाणा नकोत म्हणून त्यांनी त्या बोटीत ठेवल्या आणि अनवाणी फळीवर चढले. सोमी आरतीचे ताट घेऊन बोटीत बसली. आपट्याची फांदी छाटायला बुधाजीने पूजेतला कोयता, हारासकट, बरोबर घेतला.

बोट निघाली. फळी पाण्यावर उचलली गेली. पाटील एका हाताने दोर आणि एका हाताने पालखी धरून ताठ उभे राहिले. असा देखावा त्या तळ्याने पाहिला नव्हता. आणि मध्यावर पोचलो तेव्हा मी घसरलो.

मला घसरायचे नव्हते हो! पण इंजिनाची थरथर आणि तारेच्या टोकाची स्प्रिंग मला मागे ओढत होती, आणि तेल प्यालेली चकती मला धरायला तयार नव्हती. बुधाजीने मला पुढे ढकलले. मी पुन्हा मागे. फळीचे नाक पाण्यात गेले.

"बुधाऽ! पानी येतंय रं!" पाटील ओरडले.

"सोमे, दांडा धर! पुढं दाबून धर!"

सोमीने मला धरले. पण ती बोटीबरोबर डुले, आणि मी तिच्याबरोबर. बोट एकदा उधळे, एकदा मरगळे. मागे फळी वरखाली, वरखाली.

"अगं सोमे," पाटील कळवळून म्हणाले, "देवी हाय ती, लोनी नव्हं! काय घुसळतीस?"

बुधाजीने चाकी आवळून पाहिली. मी तसाच ढिला. मग त्याने माझ्या बुडाला बोट लावले, बोट नाकाशी नेले, आणि बायकोकडे पाहिले.

"सोमे, ह्यात तेल कुनी घातलं?"

सोमीने आरतीच्या ताटाकडे पाहिले. "पूजेला घालत्यात त्येवढंच."

"किती?"

"अवो, देवाच्या कामाला कुनी मोजून घालतंय व्हय?"

बुधाजीने इंजिन मंद केले. फळी डब्यांवर कशीबशी तरंगत अर्धी पाण्यात गेली. पाटलांनी पालखी सोडवून दोन्ही हातांनी छातीशी उचलली आणि पाणी त्यांच्या घोट्यांवरून पोटऱ्यांवर चढू लागले. पलीकडच्या काठावरून ढोल ऐकू येत होते. डोंगर आणि सूर्य यांच्यामध्ये हातभर आभाळ उरले होते.

बुधाजीने चाकी काढली, चकती बाहेर घेतली. ती त्याच्या बोटांतून मासळीसारखी निसटत होती. "कोरडं चामडं पायजे," तो म्हणाला. त्याची नजर बोटभर फिरली आणि एका जागी थांबली. सोमीची नजरही तिथेच गेली. मग दोघांनी मिळून पाटलांकडे पाहिले.

पाटलांना समजायला वेळ लागला नाही. "नाय," ते म्हणाले. "नाय रं बुधा. नव्या हायेत. अजून करकरत्यात."

"पाटील, वहान का मान?"

पाटलांच्या गुडघ्यांना पाणी लागले. त्यांनी पालखीतल्या देवीच्या मुखवट्याकडे पाहिले, मग बोटीतल्या वहाणांकडे. त्या दोन नजरांच्या मध्ये माणसाचा केवढा संसार असतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

"डावी घे," ते शेवटी म्हणाले. "उजवीवर गोंडा हाय."

"पन देवीच्या कामाला वहानंचं चामडं..." सोमी पुटपुटली.

"देवी फळीवर, वहान बोटीत," पाटील गरजले. "मधी पानी हाय. समदं धुऊन निघतंय. काप तू!"

बुधाजीने झेंडूचा हार लावलेला कोयता उचलला आणि वहाणेचा पुढचा तुकडा कापला. बोल्टासाठी भोक पाडावे लागले नाही. अंगठ्याच्या पट्ट्याचे आयतेच होते. सोमीने पदराच्या कोरड्या टोकाने माझे बूड घासूनपुसून लखलखीत केले, एवढे की तिला जणू माझा कालचा सगळा सन्मान परत घ्यायचा होता. नवी चकती बसली. चाकीचे कान पिळले. बुधाजीने मला पुढे केले आणि हात सोडला.

मी थांबलो. मित्रांनो, मी तिथेच थांबलो! इंजिन थरथरले, स्प्रिंगने ओढले, पण पाटलांच्या वहाणेने मला असे धरले की वाडीची सारी जमीन मला धरून आहे असे वाटले. बोटीने उसळी घेतली. फळी म्हशीसारखी पाण्यातून वर आली. पाटील पालखी छातीशी धरून, धोतर गुडघ्यापर्यंत ओले आणि फेटा जागच्या जागी, असे पाण्यावर उभे निघाले. दोर धरायला हात रिकामा नव्हता. नुसत्या पायांवर उभे! शेटना जे जन्मात जमले नव्हते ते पाटलांना जमले, कारण पडायची त्यांना मुभाच नव्हती.

आपट्यापाशी नागू पाटील हात वर करून उभेच होते. सूर्याची कड डोंगराला लागायची तेवढी बाकी. त्यांनी आवाज ऐकून मागे पाहिले आणि त्यांचा हात तसाच वर राहिला.

"कोंडाजी," ते म्हणाले, "पान्यावरनं उभा आलास व्हय रं?"

"तर!" कोंडाजी पाटील काठावर पाय ठेवत म्हणाले. "देवीसंगं आलं की आसंच येतंय."

पहिले पान देवीला गेले. ढोल असे वाजले की एकाचे कातडे फाटले. नागू पाटलांनी कोंडाजींना सोने दिले, उराउरी भेटले, आणि मग जरा खाली पाहून विचारले, "डावी वहान कुठं रं?"

"मानात गेली," कोंडाजी म्हणाले, आणि एका पायात वहाण घालून, दुसरा अनवाणी, असे साऱ्या जत्रेतून मिरवले. करकर एकच वाजत होती, पण काय वाजत होती!

पुढे ती रूढीच पडली. दर खंडेनवमीला पाटलांच्या नव्या डाव्या वहाणेचा तुकडा वाजतगाजत बोटीवर येई, आणि सोमी मला हळदकुंकू वाही, पण तेलाची पळी तेवढा वेळ बुधाजीच्या हातात असे. पाटील पुढची कित्येक वर्षे पुढून कापलेल्या डाव्या वहाणेने हिंडले आणि कोणी पाहिले की पाय मुद्दाम पुढे करत.

मग शेट मुंबईला गेले ते परत आले नाहीत. बोट काठावर कुजली. इंजिन कोणी नेले, फळीचा चुलीला उपयोग झाला. मला बुधाजीने काढून आणले आणि आपल्या ओट्यावरच्या भिंतीत ठोकले. आता मी खुंटी आहे. पण आंबेशेतच्या बाया आता ओवाळणे सकाळीच आटपतात, त्यामुळे मान अजून आंबेशेतकडे आहे, आणि दसऱ्याला ढोल वाजले की मी भिंतीत थोडा पुढे सरकतो, असे मला वाटते.

तर मित्रांनो, आपल्या वस्तूंवर प्रेम करा, त्यांची पूजा करा, पण त्याआधी त्यांना काय हवे आहे तेही पाहा. जो दुसऱ्याचा भार न सरकता धरून राहतो, त्याच्यापुढे डोंगर आणि सूर्यही क्षणभर थांबतात. एवढेच माझे सांगणे.

आणि तुम्ही आत्ता हातपाय धुऊन आलात तेव्हा माझ्यावर जो ओला पंचा टांगला आहे, तो जरा पिळून टांगा. थेंब नाकावर पडतात.