ओफीरची मान

"आडव्या व्हा, डोन्या ओफीर. उशी काढून घेतो मी."

"आडवी झाले की मी सुंदरच दिसते, डॉक्टर. ते ठाऊक आहे मला. तुम्ही मला उभं असतानाचं सांगा."

डॉक्टर एचेव्हेरी हसले, पण उशी त्यांनी काढलीच. तपासणीच्या अरुंद खाटेवर ओफीर उताणी झोपली आणि हनुवटीखाली लोंबणारी सैल कातडी दोन्ही बाजूंनी कानांकडे ओघळून दिसेनाशी झाली. गळा गुळगुळीत झाला. भिंतीलगतच्या खुर्चीत बसलेल्या यामिलेला एकदम शाळेच्या फाटकाशी उन्हात उभी असलेली आई आठवली. तेव्हाची.

डॉक्टरांनी हातआरसा पुढे केला. ओफीरने तो घेतला नाही.

"आरसा नको. असल्याच एका आरशाने फसवलंय मला."

फसवले होते खरे. ओफीरचे सगळे आयुष्य एका पावाच्या दुकानात, काउंटरमागे गेले. हनुवटीखालची जाड वळी तिला आईकडून आली होती आणि आईला तिच्या आईकडून. "आमच्या घराण्यात जमीनजुमला नाही, एवढीच इस्टेट," असे ती गिऱ्हाइकांना सांगायची. पेन्शन सुरू झाल्यावर तिने ही इस्टेट मोडायचे ठरवले. काली नावाच्या त्यांच्या शहरात कुणाच्या ना कुणाच्या घरात कुणीतरी असे काहीतरी करून घेतलेलेच असते. लपवायचीही फारशी रीत नाही. एका डॉक्टराने जागेवर सुई टोचून तेवढा भाग बधिर केला आणि नळीने चरबी ओढून घेतली. पिशवी रिकामी केली तरी पिशवी उरते, हे मात्र त्याने सांगितले नव्हते.

नंतरचे दिवस तिने सेनेय्डाच्या घरी काढले. ऑपरेशन झालेल्या बायकांना सेनेय्डा आपल्या घरात ठेवून घेई. पुढच्या खोलीत मागे रेलणाऱ्या खुर्च्या मांडलेल्या, त्यांत घट्ट पट्ट्यांनी आवळलेल्या बायका, मसुराचे सूप, दिवसभर टीव्ही आणि दिवसभर चहाड्या. हनुवटीचा पट्टा सुटायच्या दिवशी यामिले घरून सांकोचो, कोंबडीचा दाट रस्सा, घेऊन गेली, तेव्हा खोलीत नुसता गलका चालला होता. हातआरसा या खुर्चीतून त्या खुर्चीत फिरत होता. सगळ्या मागे रेललेल्या.

"अगं बाई, हंसीण झाली ही तर!" सेनेय्डा ओरडली.

"आता नवरा शोधा हिच्यासाठी!"

"एक होता, तो पुरला," ओफीर म्हणाली. आरसा तिने वर धरला होता आणि ती हसू दाबत होती. तिथूनच, खुर्चीत पडल्या पडल्या, तिने एव्हेलिओला फोन लावला. रविवारी दुपारी वयस्कांचा नाच भरायचा, तिथला हा तिचा जोडीदार. निवृत्त बसचालक, तिच्याहून वीतभर उंच. "रविवारी येतेय," ती म्हणाली. "पांढरे बूट पुसून ठेवा."

मग ती उठली, न्हाणीघरात गेली. तिथला आरसा भिंतीवर होता. त्याच्यासमोर उभेच राहावे लागे. नळाचे पाणी बराच वेळ वाहत राहिले. बाहेर आली तेव्हा तिने टॉवेल गळ्याभोवती घेतला होता.

"भूक नाही," ती म्हणाली. "घरी चल."

त्यानंतर टॉवेलच्या जागी हिरवा रुमाल आला. आणि रविवारचा नाच सुटला.

आता डॉक्टर एचेव्हेरी तिला उठून बसवत होते. बसल्याबरोबर कातडी आपल्या जागी परत आली, दोन दोऱ्यांवर टाकलेल्या ओल्या कपड्यासारखी.

"पहिला उपाय म्हणजे वाट पाहणं," डॉक्टर म्हणाले. "पट्टा, मालीश. सहा महिने, वर्षभरात कातडी थोडी आवळते."

"कुणाची?"

"तरुणांची जास्त."

"मग तरुणांना सांगा."

"दुसरं, उष्णतेचं यंत्र. कातडीला आतून ऊब देतं, ती हळूहळू घट्ट होते. चार बैठका लागतील. पण इतक्या सैल कातडीला..." त्यांनी तळहात हवेत डावा-उजवा हलवला.

"धागे घालतात ना?" यामिलेने विचारले. ती घरून वाचून आली होती.

"घालतात. ओढून धरतात. पण वर्ष-दीड वर्षात विरघळतात, आणि एवढा भार त्यांना पेलवायचा नाही. खोटं कशाला सांगू?"

"आणि कापायचं झालं तर?" ओफीरने विचारले.

"कानांमागून आणि हनुवटीखालून. आतला स्नायू शिवून घ्यायचा, जास्तीची कातडी काढून टाकायची. व्रण राहतो, पण केसांत लपतो. मान परत मिळवायची तर खरा उपाय हाच. मात्र पूर्ण भूल द्यावी लागेल. त्याआधी रक्त, हृदय, सगळं तपासून घेऊ."

"मानेला हृदय कशाला लागतं?"

"मानेला नाही, डोन्या ओफीर. भुलीला."

तपासण्या झाल्या त्या आठवड्याचा रविवार. दुपारी डोंगरावरून वारा उतरला, पडदे फुगले. शेजाऱ्याच्या रेडिओवर जुनी साल्सा चालू होती. यामिले ताटे पुसत होती. आई स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तिने रुमाल सोडला.

"बघ हं. नीट बघ."

तिने पाऊल टाकले, दुसरे टाकले आणि गर्रकन वळली. वळून थांबली. गळ्याची कातडी तिच्यामागून वळली, थरथरली आणि मग थांबली.

"बघितलंस? मी येऊन पोचते आणि ही मागाहून येते. ताल चुकवते मेली."

दोघी हसल्या. ओफीर हसता हसता खुर्चीत बसली, धापा टाकत, एक हात छातीवर.

"वजन वाढलंय घरी बसून," ती म्हणाली.

"आई, तिथं कोण बघतंय तुझ्या मानेकडे? सगळे आपले गुडघे सांभाळत असतात."

"एव्हेलिओ बघतो. उंच आहे, त्याला वरून हेच दिसणार."

"त्याच्यासाठी चाललंय हे सगळं?"

"छट्! त्याला तर चष्मा लावूनही बस दिसत नव्हती, असं म्हणतात." ओफीरने रुमालाची घडी घातली, मोडली. "पोरी, दुकानात मी जन्मभर खाली बघितलं. पावाकडे, सुट्ट्या पैशांकडे, लोकांच्या हातांकडे. चेहरे मला आठवत नाहीत, हात आठवतात. नाचताना वर बघावं लागतं. जोडीदार उंच असला की बघावंच लागतं. मान वर करून मी फक्त तिथंच असते. आता वर केली की हे लोंबतं, आणि मी परत खाली बघते. मग कशाला जायचं?"

 यामिलेने तेच ताट पुन्हा पुसले.

निकाल सांगायला डॉक्टरांनी बोलावूनच घेतले. भूल देणारी डॉक्टरीणबाईही बसली होती. हृदयाची एक झडप फार अरुंद झाली होती. पूर्ण भूल देता येणार नव्हती, आणि मानेपेक्षा आधी हृदयाचेच पाहायला हवे होते. धाप लागते का, चक्कर येते का, असे बाईने विचारले.

"नाचताना कुणाला लागत नाही?" ओफीर म्हणाली.

हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ विमा योजनेतून मागितली, ती पावसाळ्यानंतरची मिळाली. यामिलेने फोनवर विनवण्या केल्या, भांडून पाहिले, प्रत्येक वेळी एक नवा गोड आवाज तीच तारीख सांगे. बसमधून घरी येताना ओफीर खिडकीबाहेर पाहत होती.

"घ्या. मान मागायला गेले, तर हृदय हातात ठेवलं." मग थोड्या वेळाने, "त्या यंत्राला भूल लागत नाही ना गं?"

"नाही. पण आई, आत्ता ते..."

"त्यांना विचार. चालतं म्हणाले तर मी करणार. झडपेची तारीख त्यांच्या हातात आहे, ही माझ्या हातात आहे."

विचारले. चालते म्हणाले. ती बैठकांना जाऊ लागली. थंड लेप, त्यावरून फिरणारी गरम मूठ, आणि डोळे मिटून पडलेली आई. यामिले शेजारी बसून तिची पर्स सांभाळायची. घरी आल्यावर ओफीर न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राही आणि कातडी चिमटीत धरी.

"कमी झाली ना?"

"झाली थोडी."

"तू लहानपणापासून खोटं बोलताना कान खाजवतेस."

पण थोडी झालीच होती. कडेने, जबड्यालगत. यामिलेने कान खाजवले नव्हते.

शनिवारी एव्हेलिओचा फोन येई. ओफीर समोर बसलेली असली तरी तो यामिलेनेच घ्यायचा.

"काय म्हणते आमची राणी? येते का उद्या? इथं मला एक लठ्ठ विधवा चिकटलीये, पायांवर उभी राहते माझ्या. वाचवा म्हणावं."

यामिले फोनवर हात ठेवून आईकडे बघे. ओफीर बोटांनी चार दाखवी. चौथ्या बैठकीनंतर.

"लवकरच येते म्हणतेय, काका."

तिसऱ्या बैठकीनंतरच्या मंगळवारी सकाळी ओफीर आपल्या जुन्या दुकानात पांदेबोनो, चीजचे छोटे पाव, आणायला गेली. ते गरम मिळावेत म्हणून गिऱ्हाइकांच्या खुर्चीत थांबली. काउंटरवरच्या मुलीने नाव घेऊन हाक मारली, पुन्हा मारली, मग पिशवी घेऊन स्वतःच तिच्याजवळ गेली.

अंत्यदर्शनाच्या खोलीत यामिले पोचली तेव्हा फुले आली होती, कॉफी आली होती, मावश्या भिंतीकडेने बसल्या होत्या. पेटीच्या वरच्या अर्ध्या भागावर काच होती आणि काचेखाली आई. गळ्याला हिरवा रुमाल, पार हनुवटीपर्यंत गच्च बांधलेला.

तिने तिथल्या माणसाला बाजूला घेतले.

"रुमाल काढा."

"ताई, घरच्यांनीच दिलाय. एक मावशी म्हणाल्या, गळा झाकलेला बरा, तिला आवडायचं नाही."

"मी मुलगी आहे. काढा."

त्याने मावश्यांकडे पाहिले, यामिलेकडे पाहिले आणि काच उचलली. गाठ घट्ट होती, त्याला वेळ लागला. रुमाल निघाला. डोक्याखाली फक्त एक चपटी गादी होती. गळा हनुवटीपासून खाली सरळ, स्वच्छ गेला होता, कुठे वळी नाही, सुरकुती नाही.

"छान तर आहे," तो माणूस पुटपुटला. "उगाच झाकला होता." त्याने काच पुन्हा बसवली आणि रुमाल यामिलेच्या हातात दिला.

एव्हेलिओ दुपारी आला. काळा सूट, आणि पायांत ते पांढरे बूट. यामिलेची नजर गेलेली पाहून तो म्हणाला, "बरे असे हेच आहेत." तो पेटीजवळ गेला. लोकांनी त्याला जागा करून दिली. उंच माणूस, त्याला बरेच वाकावे लागले. तो वरून पाहत होता, आणि खाली ओफीर, मान मोकळी, चेहरा वर केलेली.

त्याच्या श्वासाने काच धुरकटली. त्याने खिशातून रुमाल काढून ती पुसली. पुन्हा वाकला, पुन्हा धुरकटली. पुन्हा पुसली.

मग त्याने श्वास रोखून धरला.