पाय पूर्ण दाबला तरी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. कागदोपत्री माझा रंग पांढरा आहे. प्रत्यक्षात काय झाला आहे ते राधानगरीच्या तांबड्या चिखलाला विचारा. वय चौदा. माणसांत या वयाला कोवळं म्हणतात, आमच्यात भंगार. हे कोणी ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टींचा विचार करत बसायची मला खोडच आहे.

कारखान्यातला जन्म फारसा आठवत नाही. आठवतं ते कोल्हापूर. बँकेत नोकरी करणाऱ्या माधवरावांनी मला घरी आणलं, त्यांच्या बायकोने, म्हणजे आक्कांनी, मला ओवाळलं, आणि बारा वर्षांची त्यांची अवंतिका माझ्या मागच्या सीटवर उड्या मारत बसली. पन्हाळ्याच्या चढावर मी एका दमात वर गेले की माधवराव म्हणायचे, "काय पळतीया गाडी!" त्या एका वाक्यावर मी वर्षभर खूश असायची.

पुढे अवंतिका माझ्यावरच गाडी शिकली. माझ्या डाव्या दारावरचा पोचा तिचाच. आता ती राधानगरीकडच्या एका शाळेत शिकवते आणि रोज मला घेऊन जाते. तिकडे जाणारी एसटी शाळेची घंटा झाल्यावर पोचते, त्यामुळे मी आहे तर तिची नोकरी आहे.

गेल्या खंडेनवमीला माझी पूजा झाली. झेंडूची माळ, हळदीकुंकू, सगळं यथासांग. लेकीच्या चपला पावसात भिजतात, ती त्या काढून अनवाणी गाडी चालवते, पायांना गार लागतं, म्हणून आक्कांनी कोडोलीच्या माहेराहून एक छोटी जाड घोंगडी आणली होती. तिची दुहेरी घडी करून पायांखाली अंथरली, तिच्यावरही हळदकुंकू वाहिलं.

दसरा झाला आणि माझं काहीतरी बिनसलं. अवंतिका पाय दाबायची, पण माझ्या इंजिनाला निरोप यायचा अर्धाच. हळू चल, एवढाच. मी म्हटलं, पोरगी भित्री झाली की काय? तिला वाटलं, गाडी म्हातारी झाली. दोघी एकमेकींवर रुसून रस्ता कापत होतो.

मग एका सकाळी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे होता. त्याला ओलांडायला अवंतिकाने मला बाहेर काढलं. समोरून बस येत होती, पण लांब होती. पूर्वीची मी सहज पुढे गेले असते. तिने पाय दाबला. मी मात्र ट्रॉलीच्या बरोबरीने रेंगाळत राहिले. बसचा हॉर्न, मग तिचा ब्रेक, आणि कशीबशी आम्ही पुन्हा ट्रॉलीच्या मागे. तिने मला रस्त्याकडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

"बास झालं," माधवराव म्हणाले. "रविवारी कागलचा भंगारवाला येतोय. आणि असल्या रस्त्याची नोकरीही नको."

"बाबा, एकदा महंमदभाईंना दाखवूया की!" अवंतिका म्हणाली.

महंमद मिस्त्रींचं गॅरेज उद्यमनगरात आहे. त्यांनी आधी पायातली घोंगडी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि फळीवर ठेवली. "पूजेची हाय. माझं तेलकट पाय कशाला त्येच्यावर?" मग त्यांनी माझा एअर फिल्टर काढला. उसाच्या रस्त्यावरचा भुसा आणि धूळ त्यात गच्च बसली होती. हवाच मिळेना तर धावणार कशी? नवा फिल्टर बसवून ते मला फिरवून आले आणि मी सुसाट पळाले. घोंगडी जागेवर गेली, मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसऱ्यांदा त्यांनी प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, चाकं हाताने फिरवून ब्रेक धरतोय का तेही पाहिलं. फिरवून आणलं, तर मी ठणठणीत. घरी आले, तर मी मरगळलेली. मला स्वतःचंच नवल वाटू लागलं. मी नाटक करते की काय?

शनिवारी माधवराव चिडूनच गेले. "तुमच्याकडं पळती, आमच्याकडं झोपती. आम्हाला गाडी चालवता येत न्हाय व्हय?"

गॅरेजच्या तीस वर्षांत मिस्त्रींना असं कुणी बोललं नसावं. ते फडक्याला हात पुसत राहिले. मग अवंतिकाकडे वळून त्यांनी विचारलं, "ताई, कवापासनं हुतंय हे?"

"दसऱ्यापासून."

"दसऱ्याला काय केलंसा?"

"काही नाही. पूजा केली."

"आज मी कशालाच हात लावत न्हाय. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

आम्ही निघालो. मिस्त्री रस्त्याकडे बघेनात, माझ्या आवाजाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. ते अवंतिकाच्या पायांकडे बघत होते.

"दाबा एक्सलेटर."

"दाबलाय की!"

"पूर्ण?"

"पूर्ण. खाली टेकलाय."

"कशावर टेकलाय? थांबवा गाडी."

गाडी थांबली. मिस्त्री उतरून दारातून वाकले. घोंगडीची घडी पुढे सरकून एक्सलेटरच्या बरोबर खाली जाऊन बसली होती. पाय अर्ध्यातच तिच्यावर टेकायचा आणि पोरीला वाटायचं, तळ आला. आणि मिस्त्री? ते दर वेळी मानाने घोंगडी आधी बाजूला ठेवायचे, मगच मला चालवायचे! आजार उचलून फळीवर ठेवायचा आणि मग रोगी तपासायचा, असं चाललं होतं. मिस्त्री रस्त्यावरच बसले आणि पोट धरून हसले.

घरी आक्का मात्र हसल्या नाहीत. "माझ्यामुळं पोरीच्या जिवावर बेतलं हुतं की वं," म्हणत त्या खालीच बसल्या.

"आक्का, तुमी मायेनं घातलीसा, मी मानानं उचलली," बरोबर आलेले मिस्त्री म्हणाले. "दोगांनीबी खाली बघिटलं न्हाय. आता ही मागच्या सीटवर टाका."

माधवरावांनी भंगारवाल्याला फोन केला. येऊ नका, एवढंच म्हणाले. मग बाहेर येऊन माझ्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

सोमवारी पुन्हा उसाची ट्रॉली लागली. रस्ता मोकळा होता. अवंतिकाने पाय दाबला आणि किती दिवसांनी मला पुरता निरोप आला. मी पळाले! ट्रॉली मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "माफ कर गं." मलाही तिची माफी मागायची होती. मी तिला भित्री म्हटलं होतं.

मित्रांनो, गाडी असो की घरातलं वयस्क माणूस, कुणी मंद झालं की लगेच म्हातारपणावर ढकलू नका. कधीपासून, एवढं तरी विचारा. मग वाकून बघा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून वाकावं तुम्हालाच लागतं.