गठाणवाल्या बाबाचं चंदन

"माय, पुरं कर आता. कोणी येत नाई," राजकुमार दारातूनच म्हणाला.

रुखमाबाईनं मान वर केली नाही. सहाणेवर चंदनाचं खोड फिरत होतं, पितळी कटोरा काठोकाठ भरत आला होता. उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता. उरुसाच्या दिवशी खोड हातात घेतलं, की दर्ग्याची देखभाल करणाऱ्या मुजावराच्या घरची बाई येऊन कटोरा हातातून उचलून नेईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, ही या घरची चार पिढ्यांची रीत. सासूनं सहाण सोपवताना सांगितलं होतं, "जीभ हालली त चंदन वाया गेलं समज."

खामगावात इंग्रजांनी कापसाचा बाजार वाढवला, तेव्हा सरकी काढायच्या जिनांमध्ये कापसाच्या गठाणी बांधायला कुठकुठची माणसं आली, आणि माणसं आली म्हणजे त्यांचे देवही आलेच. गल्लीच्या तोंडाशी मारुती बसला, पलीकडे साहेबाचं चर्च उभं राहिलं, आणि जिनाच्या भिंतीला लागून गठाणवाल्या बाबाचा दर्गा. रुखमाबाईचा आजेसासरा एकदा गठाणीखाली सापडला आणि जिवंत निघाला. तेव्हापासून उरुसाचं चंदन या घरचं, आणि मारुतीच्या जयंतीचा पहिला हार दर्ग्याकडचा. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पोटामागे धावणाऱ्यांना तेवढी सवड होती कुठे?

रुखमाबाईनं अंगणवाडीत तीस वर्षं खिचडी शिजवली, नवऱ्यामागे एकटीनं राजकुमारला वाढवलं. तिला कधी कोणी हार घातला नाही की दोन शब्द बोललं नाही. वर्षातला हा एक दिवस मात्र तिचा. संदलची, म्हणजे बाबाला चंदन चढवायला निघालेली मिरवणूक दाराशी थांबायची, ताशेवाले हात आवरायचे, आणि मुजावराच्या घरची कुलसुमबी डोक्यावर पदर घेऊन आत यायची. कटोरा या हातातून त्या हातात गेला, की रुखमाबाई दिवसभरातला पहिला शब्द बोलायची, "घे वं बहिणी." आणि बाहेर ताशे असे कडाडायचे की बस! बेचाळीस वर्षांत एकदाही खंड नाही.

आज पाच वाजून गेले तरी दाराशी कोणी नव्हतं. ताशे वाजत होते, पण मागच्या गल्लीतून. ऐकता ऐकता ते पार पुढे निघून गेले.

राजकुमार येऊन तिच्यासमोर बसला. "मीच गेलतो परवा कुलसुममावशीकडं. हात जोडले तिले. म्हटलं, यंदापासून येऊ नको." तो खालीच बघत होता. "प्रेरणाचं जुळलं हाय, माय. जानेफळचे पाहुणे काय म्हणाले मालूम हाय? सुनेच्या माहेरातून दर्ग्यात चंदन जाते, हे आमच्या सोयऱ्यायत चालणार नाई. पोरीचं लगन मोडू देऊ का मंग? काय करू मी? सांग ना!"

सांग म्हणाला खरा, आणि स्वतःच ओशाळला.

आतल्या खोलीत प्रेरणा उशीत तोंड खुपसून रडत होती. नातीचं रडणं रुखमाबाईला ऐकू येत होतं. पोटच्या पोरानं, तिला न विचारता, तिचा एवढा एक दिवस परस्पर देऊन टाकला होता. काळीज फाटलं तिचं. राग तरी कोणावर काढायचा? पोरगा बाप होता, एवढाच त्याचा गुन्हा.

ती उठली. कटोरा दोन्ही हातांत घेऊन चालू लागली.

"माय, लोक पाहून राह्यले!" राजकुमार मागून म्हणाला. गल्ली खरंच बघत होती. बघू दे.

कुलसुमबी दर्ग्याच्या पायरीवर एकटीच बसली होती. रुखमाबाईला पाहताच तिनं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"नको रुखमा. माह्यासमोर धरू नको तो कटोरा."

रुखमाबाईनं कटोरा आणखी पुढे केला.

"तुह्या लेकाले मी जबान देल्ली. प्रेरणा माह्या अंगणात रांगली, माह्या हातचा शिरखुर्मा खाऊन मोठी झाली. बाबा तुह्या चंदनाबिना राहीन. पोरीचं जुळलेलं लगन मोडलं त पुन्हा जुळीन का?" कुलसुमबीनं मागे वळून दर्ग्यात पाहिलं. "आमच्यातलेही पोरं म्हणे, चंदन दुकानातून आणू, त्याइच्या घरचं कायले पाह्यजे? दोन साल मी अडवलं त्याइले. यंदा कोण्या तोंडानं अडवू?"

आतून दुकानातून आणलेल्या चंदनाच्या अत्तराचा उग्र वास येत होता. रुखमाबाईचे हात भरून आले, तरी तिनं कटोरा खाली ठेवला नाही. पायरीवर ठेवून जाता आलं असतं. पण चंदन हातातून हातात जायचं असतं, टाकून द्यायचं नसतं.

"बोल ना वं कायी! शिव्या दे मले!" कुलसुमबी हुंदके देऊ लागली. तेव्हाही तिचे हात पदराखालीच होते. रुखमाबाईनं एका हातानं कटोरा छातीशी धरला, दुसऱ्या हातानं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले आणि ती माघारी वळली.

दिवेलागणीला तिनं चूल पेटवली. राजकुमार ताटावर बसला.

"माय, आता त बोल. संदल चढलं. झालं ना सारं."

झालं कुठे? कटोरा तिच्या हातातून कोणी घेतलाच नव्हता.

तिनं भाकर वाढली, वर पिठलं वाढलं. ती संपली तशी दुसरी वाढली. लहानपणापासून दुसऱ्या भाकरीनंतर ती विचारायची, "पुरे का रे बाप्पा?" आणि मग तो ताटावर हात आडवा धरायचा. राजकुमार हात मांडीवर ठेवून थांबला. तिसरी भाकर ताटात पडली.

"विचार ना माय, पुरे का म्हणून," तो म्हणाला.

रुखमाबाईनं तव्यावरची भाकर उचलली आणि त्याच्या ताटात वाढली.